नावावरची पट्टी

४ फेब्रुवारी, मंगळवार

संयुक्त शिफारस! दोघांनी मिळून एकच कागद भरायचा म्हणे. एक ओळ, खाली दोन सह्या. मोठ्या बाईंनी आज स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर जाहीर केलं आणि वर हसल्या. "तुम्ही चाचणी बघा, सर हात बघतील. पालकांना दोन तोंडांनी दोन सल्ले नकोत." मुख्याध्यापिका झालं की माणसाला सगळंच सोपं वाटायला लागतं.

एकोणीस वर्षं या शाळेत समुपदेशक आहे मी. शेवटच्या वर्षाच्या प्रत्येक मुलाची कल चाचणी घेते, तपासते, त्याला समोर बसवते आणि पुढे काय शिकावं ते सांगते. आणि आता माझ्या शेजारी खुर्ची टाकून कोण बसणार? तर प्रशिक्षण केंद्रातून आलेला हा माणूस. सव्वीस वर्षं लेथवर मुलांना शिकवलं, एवढंच भांडवल. आल्या आल्या पहिलं वाक्य काय असावं? "बाई, कागदावर पेन्सिल फिरवून कुणाचा कल कळतो होय? हातात कानस द्या. पाच मिनिटांत सांगतो."

म्हणून या वहीत त्याचं नाव कानस. बोलतो तेही घासूनच.

५ फेब्रुवारी, बुधवार

खोलीत त्याने व्हाइस बसवला, लोखंड घट्ट पकडून धरायचा शिकंजा. माझ्या खोलीत! टेबलाला भोकं पाडून, बोल्ट आवळून. भिंतीवर मी लावलेला तक्ता होता, "स्वतःला ओळखा". त्याच्या खाली आता लोखंडाचा कीस पडलाय. शिपाईमामा झाडू घेऊन आले आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच घासत बसले होते.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज ठिणगी पडली. कानस म्हणाला, "राग मानू नका, पण ओळखीच्या मुलाला तुम्ही दोन मार्क जास्त टाकत नाही कशावरून?"

राग मानू नका! अंगाचा तिळपापड झाला. त्याला हाताला धरून कपाटापाशी नेलं (खरोखर धरलं नाही, पण धरायचं बाकी ठेवलं) आणि गठ्ठा काढून दाखवला. प्रत्येक उत्तरपत्रिकेच्या वरच्या भागावर खाकी कागदाची पट्टी चिकटवलेली असते. नाव झाकलेलं. शिपाईमामा चिकटवतात, मी तपासायला बसायच्या आधी. खाली फक्त क्रमांक. त्यावर मी भोकं पाडलेला पुठ्ठा ठेवते, भोकातून दिसणाऱ्या खुणा मोजते, क्रमांकापुढे आकडा लिहिते. संपलं. पट्टी मी कधी काढत नाही. मुलगा कलेक्टरचा की भंगारवाल्याचा, मला कळतच नाही.

आणि कॉपी? तीही नाही. पुस्तिका दोन, लाल आणि निळी. शेजारी शेजारी बसलेल्यांना वेगवेगळी. भाषा आणि आकडे दोन्हींत सारखेच, पण आकृत्यांच्या भागाचा क्रम उलटापालटा. उत्तराचे कागदही दोन रंगांचे, पुठ्ठेही दोन. मामा रंग बघून दोन गठ्ठे लावतात. गेली सहा वर्षं हे घड्याळासारखं चाललंय.

कानस सगळं ऐकून म्हणाला, "व्यवस्था चोख आहे." मला बरं वाटलं. मग म्हणाला, "पण पोराचं तोंडच बघायचं नाही, ही कुठली तपासणी?"

उचलली जीभ लावली टाळ्याला!

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आजचा दिवस माझा!

कानसने परवा एका मुलाची स्तुती करून करून कान किटवले होते. "हात बघा त्याचे, तारा अशा वळवतो की वेणी घालतोय. इलेक्ट्रिशियन! डोळे झाकून लिहा." मी डोळे उघडे ठेवले. रंगांच्या ठिपक्यांची चकती त्याच्यापुढे धरली. सात चकत्यांपैकी पाच चुकला. त्याला तांबडं आणि हिरवं एकच दिसतं. पोरगं स्वतःच चाट पडलं.

"डोळे झाकूनच जोडणार होता तो तारा," मी म्हटलं. कानसच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण मुलगा गेल्यावर म्हणाला, "बरं झालं बघितलंत. माणूस मेला असता." तेवढं म्हणाला खरं.

१० फेब्रुवारी, सोमवार

एका फॉर्मवरून सकाळपासून जुंपली आहे.

शेवटच्या बाकावर बसणारी एक मुलगी. आई सरकारी दवाखान्यात नर्स, वडील नाहीत. भाषा एकेचाळीस, आकडे अडतीस, आकृती बारा. पन्नासपैकी बारा! इतका स्वच्छ निकाल क्वचित मिळतो. ऑफिसचं काम, विमा, बँक. मी लिहूनही टाकलं.

कानसने पेन खाली ठेवलं. सही करणार नाही म्हणे. त्याला तिला डायमेकिंगला पाठवायचंय, म्हणजे कारखान्यातले साचे घडवण्याचा कोर्स. केंद्रात आमच्या शाळेसाठी एकच जागा असते, आणि अट अशी की आकृतीत किमान तीस हवेत. फॉर्म एकवीस तारखेपर्यंत पोचला नाही तर जागा दुसऱ्या शाळेला जाते.

"बारा आहेत," मी म्हटलं. "ज्याला डोक्यात आकृती फिरवता येत नाही तो साचा काय घडवणार?"

त्याने खिशातून पोलादाचे दोन तुकडे काढले. एकाला खाच, दुसऱ्याला त्या खाचेत बसणारं टोक. "तिनं घासलेत. पहिल्यांदाच कानस हातात धरली होती. बसवा आणि खिडकीकडे धरा. फटीतून उजेड येतो का बघा."

धरले. उजेड येत नाही. केसाएवढाही नाही.

मग? हात चांगला आहे म्हणून मी आकडा खोटा मानू? चाचणी चाचणी आहे. एखादा तुकडा कुणालाही जमतो.

१२ फेब्रुवारी, बुधवार

नर्स आली. ड्युटीवरून थेट, युनिफॉर्मवर स्वेटर. बसली आणि आधी चपला काढून पाय चोळले. "बाई, तेवीस वर्षं उभी आहे मी. पोरीनं बसून काम करावं, एवढंच मागणं आहे. तुम्ही लिहिलंय तेच बरोबर."

कानस मध्ये तोंड घालणार तेवढ्यात मी आकडे वाचून दाखवले. नर्सने बारा ऐकलं आणि पोरीकडे वळली. "बारा? आणि घरात मिक्सर उघडून बसते! हौस दांडगी, अक्कल बारा!"

मुलगी माझ्याकडे बघत म्हणाली, "बाई, माझे बाराच कसे? मला त्या सगळ्या येत होत्या."

"सगळ्यांना असंच वाटतं," मी म्हटलं.

"पण बाई, मी—"

"बाईंशी वाद घालू नकोस," आई म्हणाली. मला त्या क्षणी नर्सबद्दल फार आदर वाटला. असे पालक हवेत!

१३ फेब्रुवारी, गुरुवार

कानस फेरचाचणी मागतो. नियमात नाही. एका वर्षात एकदाच. मोठ्या बाईंकडे गेला. त्यांनी हात झटकले, म्हणाल्या, "तुम्ही दोघं समजुतीनं घ्या." समजूत म्हणजे काय? बारा आणि तीसच्या मध्ये एकवीस लिहू?

तो पुन्हा आला. "एका पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे बाई. एक तास लागेल."

मला इतका संताप आला की जे बोलायचं नव्हतं ते बोलले. "माझ्या पोटच्या मुलाला मी दिली नाही फेरचाचणी! त्यालाही तेरा होते. रडला नाही, मुकाट्यानं कॉमर्सला गेला. आणि तुम्ही मला नियम वाकवायला सांगता?"

तो वळून निघून गेला. मी जिंकले. मग हे वाक्य दोनदा लिहून का खोडलं, कळत नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

वरच्या फळीवरची फाइल काढायला मी एक तिपाई वापरते. लाकडाची, तीन पायांची, गुडघ्याएवढी. आज कानसने ती उचलली, उलटी केली, सांध्यांवर अंगठा फिरवला. पाच मिनिटं. एखादं बाळ धरावं तशी धरली होती.

"खिळा नाही. स्क्रू नाही. पाय तिरके आहेत आणि तिन्ही एकाच कोनात. कुणी केली?"

"मुलानं. पंधरा वर्षांचा होता."

"मोठा सुतार आहे का आता?"

"विम्याच्या ऑफिसात आहे."

त्याने तिपाई जमिनीवर ठेवली. हळूच. बोलला असता तर बरं झालं असतं, चांगली झाडली असती!

१६ फेब्रुवारी, रविवार

साडेदहाला मुलाचा फोन. नेहमीप्रमाणे यांच्याशी पंधरा मिनिटं. हसणं, क्रिकेट, हवा. मग फोन माझ्याकडे.

"बरा आहेस ना?"

"हो."

"जेवतोस ना वेळेवर?"

"हो. ठेवू?"

सहा वर्षं हेच. मी काय केलंय याचं? शिक्षण दिलं, पंख्याखाली बसायची नोकरी मिळाली, महिन्याच्या महिन्याला पगार. लोक रांगा लावतात अशा नोकरीला.

हे म्हणाले, "राजीनामा द्यायचं म्हणतोय. चौकटीतल्या चौकटीत जीव गुदमरतो म्हणाला." आणि माझ्याकडे न बघता, "तेव्हा एकदा विचारायचं होतंस त्याला."

मी भांडं आपटलं. विचारायचं काय? आकृतीत तेरा आले होते! मी नाही ठरवलं, आकड्यानं ठरवलं. त्याच्या जागी दुसऱ्याचा मुलगा असता तर मी जे सांगितलं असतं तेच त्याला सांगितलं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असं आयुष्यात कुणी मला म्हणू शकणार नाही.

"कोण म्हणतंय?" हे म्हणाले आणि झाडांना पाणी घालायला गेले. भांडतही नाहीत धड!

१७ फेब्रुवारी, सोमवार

डोकं ठणकतंय. कानस रजेवर. खोलीत कमालीची शांतता, आणि मी त्या व्हाइसचा दांडा उगाच फिरवत बसले.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आता हद्द झाली.

कानस माझी नोंदवही उघडून बसला होता. न विचारता! बोट ठेवून आकृतीचा रकाना वाचत होता. "बारा. तेरा. अकरा. बारा. चौदा. बारा. दहा." मग वर बघितलं. "बाई, बाकीच्यांचे बावीस, एकतीस, चाळीस, सत्तावीस, वाटेल तसे आहेत. तशीच असतात माणसं. ही सातच पोरं एकाच भोकातून काढल्यासारखी का?"

"कच्ची आहेत म्हणून!"

"कच्ची पण सारखीच कच्ची? आमच्याकडे वेगवेगळ्या नगांना एकच माप यायला लागलं ना, की आम्ही नगाला शिव्या देत नाही. नग बाजूला ठेवतो आणि आधी मापाचं गेज तपासतो."

मी त्याला बाहेर जायला सांगितलं. आवाज व्हरांड्यात गेला असणार, कारण चित्रकलेच्या बाई डोकावून गेल्या. एकोणीस वर्षांचं काम, आणि हा मला गेज तपासायला सांगतो! नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय?

उद्या सातही कागद काढते आणि त्याच्या तोंडावर मारते. घोडामैदान जवळच आहे.

१९ फेब्रुवारी, बुधवार

तपशिलात लिहिते, नाहीतर उद्या मीच मला फसवीन.

सकाळी सात कागद काढले. सातही लाल. ठीक, पन्नासावर मुलं लाल कागदावरच असतात. बैठकीचा तक्ता काढला. सातही जण शेवटच्या दोन रांगांत. तेव्हा उठून खोलीचं दार लावून घेतलं.

शेवटच्या रांगा. निळे कागद छापखान्यातून दरवर्षी सहा-आठ कमी येतात. पुढून वाटत वाटत मी मागे पोचते तोवर निळे संपलेले असतात. मग निळी पुस्तिका मिळालेल्या मुलांना मी लाल कागद देते आणि सांगते— माझंच वाक्य, दरवर्षीचं— "रंगाचं काही नाही रे, वर कोपऱ्यात 'निळी' लिहा म्हणजे झालं."

पूर्वी मी तो कोपरा बघायचे आणि निळा पुठ्ठा घ्यायचे. पूर्वी. पट्टीच्या आधी.

पट्टी कोपऱ्यावरच बसते.

मामा रंग बघून गठ्ठे लावतात, कारण मीच तसं सांगितलंय. लाल कागद लाल गठ्ठ्यात. मी लाल पुठ्ठा ठेवते. भाषा बरोबर, आकडे बरोबर, कारण ते दोन्हींत सारखेच. फक्त आकृतीत प्रत्येक उत्तर दुसऱ्याच प्रश्नाच्या उत्तराशी ताडलं जातं. चार पर्यायांत नशिबाने जेवढं जुळेल तेवढं. पन्नासात बारा.

नर्सच्या मुलीच्या कागदावर निळा पुठ्ठा ठेवला. मोजलं. पुन्हा मोजलं. त्रेचाळीस.

ओला कापूस घेऊन पट्टी सोडवली. सावकाश सुटली. कोपऱ्यात पेन्सिलने लिहिलं होतं, निळी. खाली दोन रेघा. तिने तर मला त्या दिवशी सांगायलाही तोंड उघडलं होतं. "पण बाई, मी—"

मी काय म्हटलं होतं? सगळ्यांना असंच वाटतं!

२० फेब्रुवारी, गुरुवार

कानसला सांगितलं. मान खाली घालून नाही, उभी राहून, एका दमात. आता हा मिरवणार, स्टाफरूमभर ताशे वाजवणार, अशी मनाची तयारी केली होती. त्याने सात कागद पुढे ओढले आणि म्हणाला, "बाकीच्या सहांचे किती?"

चौतीस, एकोणचाळीस, बावीस, अठरा, छत्तीस, एकतीस. म्हणजे त्यातही दोघं खरोखर कच्चीच आहेत. हे बघून मला हसावं की रडावं कळेना.

मग तोच घसा खाकरून बोलला. "माझंही एक आहे. तुमच्या यादीत एकाला आकृतीत चव्वेचाळीस आहेत बघा, त्या पोराला मी काढून टाकलं होतं. हात नाही म्हणून. तुमचा आकडा बघून काल परत बोलावलं. डावखुरा आहे तो. आणि मी व्हाइस असा बसवलाय की त्याला उजव्या बाजूनंच उभं राहावं लागतं. सव्वीस वर्षं असाच बसवतोय."

मग त्याने पाना घेतला, बोल्ट ढिले केले आणि व्हाइस टेबलाच्या टोकाला नेला, दोन्ही बाजूंनी उभं राहता येईल असा. कीस पुन्हा माझ्या तक्त्याखाली पडला. झाडू मी आणला.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

नर्सला बोलावलं होतं. सांगितलं. ती रागावणार हे माहीत होतं, इतकी रागावेल हे माहीत नव्हतं.

"म्हणजे बारा खोटे? त्या बारावरून मी आठ दिवस पोरीला काय काय बोलले माहीत आहे? मिक्सरला हात लावलास तर याद राख, म्हटलं! तुम्ही सुशिक्षित माणसं म्हणून विश्वास ठेवला ना आम्ही!"

मोठ्या बाई मध्ये पडायला लागल्या तेव्हा मीच त्यांना थांबवलं. बोलू दे तिला.

बोलून झाल्यावर ती म्हणाली, "पण तरी उभं राहायचंच काम ना ते?" राग निराळा आणि पायांचं दुखणं निराळं. तिचं म्हणणं त्रेचाळीस आल्यानं खोटं होत नाही, हे मला प्रथमच दिसलं.

मुलीने खिशातून ते दोन तुकडे काढून आईच्या हातात दिले. आईने बसवले, मागे-पुढे केले. खिडकीकडे धरले. पोरीने सांगितलं नव्हतं, तिचं तिलाच सुचलं.

"हे असलं बारीक काम बसून करतात का हो?" तिने विचारलं.

"शेवटचं घासणं बसूनच," कानस म्हणाला. "निम्मा दिवस मशीनवर उभं, निम्मा दिवस स्टुलावर. खोटं सांगणार नाही."

"निम्मा चालेल," नर्स म्हणाली आणि पोरीकडे बघून, "पाय दुखले तर मला सांगायचं नाही."

एक ओळ, दोन सह्या. माझी आधी, मग त्याची. कानस स्वतः स्कूटरवर फॉर्म घेऊन केंद्रात गेला, पोस्टावर त्याचा विश्वास नाही.

मुलगी जाताना दारात थांबली. मला वाटलं आभार मानेल. म्हणाली, "पुढच्या वर्षी निळे कागद मोजून मागवा, बाई." बरोबर आहे. हेच ऐकायची लायकी होती माझी.

२४ फेब्रुवारी, सोमवार

मोठ्या बाई म्हणतात, यंदाचे सात सुधारले ना, मग मिटलं. जुनी मढी कशाला उकरायची? शाळेचं नाव जाईल.

मिटलं? सहा वर्षं पट्टी आहे. दरवर्षी सहा-सात मुलं. कुणी टायपिंगला गेलं असेल, कुणी दुकानात उभं असेल, कुणी दोनदा नापास होऊन घरी बसलं असेल. आणि प्रत्येकाला आयुष्यभर माहीत आहे की आपल्याला आकृती जमत नाही. का? तर एका बाईंनी सांगितलं. निःपक्षपाती बाईंनी!

मी स्पष्ट सांगितलं, कागद मी काढणार आणि पत्रं मी लिहिणार. खाली माझी एकटीची सही. त्या म्हणाल्या, "सांभाळून." सांभाळूनच केलं होतं की सगळं! इतकं सांभाळून की मुलाचं तोंड बघितलं नाही.

२६ फेब्रुवारी, बुधवार

पाच वर्षांचे गठ्ठे झाले. चौतीस मुलं. कानस शाळा सुटल्यावर थांबतो, पट्ट्या तो सोडवतो, पुठ्ठा मी ठेवते. त्याचे दांडगे हात, पण कागद कुठे फाटत नाही. आज एकाला सत्तेचाळीस निघाले. मी पुन्हा मोजले. पत्ते शोधायचं काम मामांनी घेतलंय. सारखं म्हणतात, "बाई, पट्ट्या मीच चिकटवल्या ना." त्यांना ओरडले. तुमचा काय दोष? तुम्ही सांगितलेलं केलंत.

एक गठ्ठा राहिला आहे. सर्वांत जुना. कानसने हात लावला तेव्हा म्हटलं, तो मी घरी नेते.

त्याने तिपाईकडे बघितलं आणि बरं म्हणाला.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

गठ्ठा घरात टेबलावर आहे. सुतळी सोडलेली नाही.

पट्टी मी त्याच वर्षी सुरू केली. माझा मुलगा चाचणीला बसणार होता म्हणून. लोकांनी बोट दाखवू नये म्हणून. त्याला शेवटच्या रांगेत मीच बसवलं, पुढे बसवला असता तर कुणी म्हटलं असतं, आईनं खूण केली. शाळेत आई म्हणायचं नाही, बाई म्हणायचं, हेही मीच घालून दिलेलं. पहिलीपासून.

त्या दिवशी जेवताना त्याने विचारलं होतं, "आई, आज तो कागद—" आणि मी हात वर केला. चाचणीबद्दल घरात एक अक्षर नाही! मला माझा किती अभिमान वाटला होता. यांना म्हटलंही होतं, बघा, इतरांनी माझ्याकडून शिकावं.

तेरा आले तेव्हा मी त्याला खोलीत बोलावलं. शाळेतल्या. घरात नाही. आकडे वाचून दाखवले. तो तिपाईवर बसला होता, त्याने त्या महिन्यातच केलेल्या. कुणी काय म्हणेल या भीतीने मी स्वतःच्या मुलालाच अनोळखी मुलासारखं वागवलं, आणि त्याला न्याय म्हटलं. मला माझीच इतकी चीड आलीय की पेन कागदातून आरपार जातंय.

कदाचित त्याचा कागद निळा असेल. कदाचित ते तेरा खरेच असतील. देवा, खरेच असू देत!

२ मार्च, रविवार

त्याचा फोन साडेदहाला येतो. त्याआधी पट्टी सोडवली. कागद लाल. निळा पुठ्ठा ठेवला, सेहेचाळीस.

कोपऱ्यात त्याचं अक्षर. आधी "आई" लिहून खोडलंय. पुढे, "बाई, माझी पुस्तिका निळी आहे."